‘०.८’ आवृत्तीवर उघडलेलं दुकान: अपुऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास निघून गेले, लोणच्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वेंगुर्ल्याची माझी मामी घरची लोणची, काजू आणि आमसुलं ऑनलाइन विकते. आदल्या रात्री बसून तिने नवा दर भरला. दोन-तीन दिवसांनी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ऑगस्टमधल्या खरेदीचं बिल पुन्हा मागितलं. मामीने बटण दाबलं, बिल आलं, एकूण रक्कम ५६० रुपये, अगदी बरोबर. पण ऑगस्टमध्ये त्यात कर होता ६० रुपये, आणि आता दिसत होता २६ रुपये ६७ पैसे.

बेरीज जुळत असल्यामुळे ही चूक सहसा कुणाच्या लक्षातच आली नसती. मामीच्या आली, कारण ती अजूनही प्रत्येक बिल वहीत उतरवते.

ते सॉफ्टवेअर मी निवडलं होतं. फुकट, ओपन सोर्स, आवृत्ती ०.८. गावातले आणखी काही जण आता विचारतात की असं फुकट मिळणारं, पण ‘अजून काम चालू आहे’ असं लिहिलेलं सॉफ्टवेअर दुकानासाठी घ्यावं का. एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून मुळापासून सांगतो.

ओपन सोर्स, बीटा आणि ते सुरुवातीचं शून्य

ज्या सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वापरता येतो, ते ओपन सोर्स. दुकानातून आणलेल्या लोणच्याची चव कळते, मसाल्याचं प्रमाण कळत नाही. इथे बरणीबरोबर कृतीही हातात येते. मीठ जास्त वाटलं तर कमी करा, तुमची सुधारलेली कृती दुसऱ्याला द्या. त्याबरोबरच्या परवान्यात मात्र एक वाक्य हमखास असतं: आहे तसं देतोय, कसलीही हमी नाही.

आवृत्तीचे आकडे ही एक खूण असते. बहुतेक प्रकल्प जी पद्धत पाळतात तिच्यात पहिला आकडा शून्य असेल तर अर्थ असा, की आतलं काहीही कधीही बदलू शकतं. आज जी सोय ज्या नावाने आहे ती पुढच्या महिन्यात त्याच नावाने असेल असं नाही. ‘बीटा’ म्हणजे सोयी बऱ्याचशा झाल्या, चुका शोधणं चालू आहे.

यात एक गोष्ट मात्र त्या आकड्यावरून कळत नाही: अपुरं आहे ते नेमकं काय?

आपल्याकडे घरं कशी बांधतात ते आठवा. खालचा मजला झाला की वास्तुशांत उरकतात. वरच्या स्लॅबमधून सळया आभाळाकडे निघालेल्या असतात, बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षी पैसे आले की. अशा घरात माणसं दहा-दहा वर्षं सुखाने राहतात. पण दाराला कडी नाही, विजेला अर्थिंग नाही, अशा घरात कुणी बिऱ्हाड हलवत नाही. दोन्ही घरं अपुरीच. ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर निवडताना सळया आणि कडी यांतला फरक ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण चकचकीत दर्शनी पानाला कडी नसली तरी ते चकचकीतच दिसतं.

सात वर्षं ‘अपुरं’ राहिलेलं सॉफ्टवेअर

ओएसकॉमर्स हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. मार्च २००० मध्ये जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लेओन यांनी ते सुरू केलं, तेव्हा नाव होतं ‘द एक्सचेंज प्रोजेक्ट’. इंटरनेटवर दुकान काढायचं तर तेव्हा मोठा खर्च होता आणि हे फुकट होतं. जगभरच्या छोट्या दुकानदारांनी ते उचललं. जुलै २००३ मध्ये त्याची २.२ ‘माइलस्टोन २’ ही आवृत्ती आली. माइलस्टोन म्हणजे वाटेवरचा मैलाचा दगड, मुक्काम नव्हे. मुक्काम, म्हणजे त्या मालिकेची पुरी झालेली आवृत्ती, २.३, आली नोव्हेंबर २०१० मध्ये. मधली सात वर्षं असंख्य दुकानं त्या मैलाच्या दगडावरच धंदा करत राहिली, आणि धंदा झालाही.

त्या २००३ च्या आवृत्तीत दुकानदाराच्या खोलीला, जिथे ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते दिसतात तिला, स्वतःचं कुलूपच नव्हतं. पासवर्ड विचारणारं पान सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. ते फोल्डर सर्व्हरच्या, म्हणजे दुकान ज्या संगणकावर चालतं त्याच्या, पातळीवर आपण बंद करायचं, असं गृहीत धरलेलं होतं. ज्याला हे ठाऊक होतं त्याने केलं. ज्याला नव्हतं त्याचा गल्ला रस्त्यावर उघडा.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. हे सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेत लिहिलेलं होतं. त्या भाषेत एक जुनी सोय अशी होती की वेबपत्त्यात कुणीही काही टंकलं की ते थेट प्रोग्रामच्या आतल्या खात्यांत जाऊन बसायचं. म्हणजे गिऱ्हाइकाने चिठ्ठी आत टाकावी आणि ती आपोआप मालकाच्या डायरीत चिकटावी. हे धोक्याचं आहे हे ओळखून पीएचपीने २००२ मध्येच ती सोय मूळ मांडणीत बंद केली. २००३ चं ओएसकॉमर्स मात्र ती बंद दिसली की अडायचं आणि ‘चालू करा’ म्हणून सांगायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जादा सोय हवी, समजा कुरियरचा दर मोजायचा, तर लोकांनी लिहिलेल्या हजारो पुरवण्या मिळत. पण पुष्कळशा पुरवण्या म्हणजे चक्क कागदी सूचना असत: अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, तिच्या जागी ही ओळ घाला. अशा पाच-दहा पुरवण्या चढवल्या की ते सॉफ्टवेअर जगात फक्त तुमच्याकडेच उरे. मग सुरक्षेची दुरुस्ती, जिला पॅच म्हणतात, ती आली तरी बसवायची कुठे? जिथे ठिगळ लावायचं ते कापडच बदललेलं. अनेकांनी दुरुस्त्या लावणं सोडून दिलं. २०११ मध्ये जुन्या ओएसकॉमर्स दुकानांच्या भोकांतून शिरून लाखो वेबपानांत घातक कोड पेरला गेला, तेव्हा त्या सोडून दिलेल्या दुरुस्त्यांची किंमत कळली.

वाट पाहून कंटाळलेल्यांनी वेगळी वाट धरली. २००३ मध्येच त्याच कोडची प्रत घेऊन झेन कार्ट नावाचा प्रकल्प वेगळा झाला. याला फोर्क म्हणतात, भावकीत घर वेगळं करावं तसं. ओपन सोर्समध्ये हे राजरोस चालतं, आणि मूळ घर सुस्तावलं तर दुकानदारापुढे हाच आधार उरतो. आज वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर सर्रास दिसणारं दुकानाचं वूकॉमर्ससुद्धा २०११ मध्ये जिगोशॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधून असंच वेगळं झालेलं आहे.

याच्या उलट: ओटावातलं स्नोबोर्डचं दुकान

२००४ मध्ये कॅनडातल्या ओटावात टोबियास ल्युटके या मूळच्या जर्मन तरुणाला भागीदाराबरोबर ‘स्नोडेव्हिल’ नावाचं स्नोबोर्डचं, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या फळ्यांचं, ऑनलाइन दुकान काढायचं होतं. बाजारातली तयार सॉफ्टवेअर त्याला पटेनात. त्याच वर्षी रूबी ऑन रेल्स ही ओपन सोर्स चौकट बाहेर आली होती. चौकट म्हणजे तयार दुकान नव्हे, दुकान बांधायचे खांब-तुळया. ती तेव्हा १.० सुद्धा झाली नव्हती. १.० आली डिसेंबर २००५ मध्ये. ल्युटकेने तिच्यावरच दुकान बांधलं. पुढे स्नोबोर्डपेक्षा लोकांना ते दुकानाचं सॉफ्टवेअरच हवंसं वाटलं, आणि २००६ मध्ये त्यातून शॉपिफाय ही ऑनलाइन दुकानं भाड्याने देणारी कंपनी उभी राहिली.

मग ओएसकॉमर्सवाल्या दुकानदारांचं जे झालं ते याचं का झालं नाही? कारण ल्युटके स्वतः प्रोग्रामर होता. अपुऱ्या चौकटीत काही अडलं की तो आत उतरून दुरुस्त करायचा आणि ती दुरुस्ती सगळ्यांसाठी परत द्यायचा. पुढे तो रेल्सच्या मुख्य चमूतच गेला. गवंडीकाम येणारा माणूस सळया निघालेल्या घरात राहायला जातो, आणि ज्याला खिळा ठोकता येत नाही तो जातो, यांत फरक आहे. माझं ठाम मत आहे की अपुरं सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या घरात किंवा हाकेच्या अंतरावर कोड वाचणारं एक तरी माणूस असलंच पाहिजे. नसेल तर पुढचं सगळं वाचूनही उत्तर ‘नको’ असंच येईल.

पैसा, साठा आणि नोंद

माझ्या अनुभवात कडी लागते ती या तीन जागी.

पैशाचं आधी. गिऱ्हाईक आणि तुमची बँक यांच्यामध्ये पेमेंट गेटवे असतो, पैसे घेऊन पोचवणारा मध्यस्थ. मामीच्या दुकानात पहिल्याच महिन्यात एका बाईंनी यूपीआयने पैसे भरले, फोनवर हिरवी खूण आली, त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि त्या दुकानाच्या पानावर परत आल्याच नाहीत. मामीचा मला फोन: “ती म्हणता पैसे गेले, आणि माझ्याकडे ऑर्डर काय येवक नाय.” आमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाईक पानावर परत येण्याची वाट बघत होतं. ते आलं तरच पैसे मिळाले असं समजायचं. खरं तर गेटवे दुकानाच्या सर्व्हरला थेट, वेगळी पोचपावती पाठवतो. ती वाचायचं काम सॉफ्टवेअरमध्ये झालेलंच नव्हतं. कोड उघडून पाहिला तर त्या जागी एकच ओळ होती, ‘हे नंतर करायचं आहे’ अशा अर्थाची.

ती पोचपावती कधी दोनदाही येते, म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर दुसरी ऑर्डर निघता कामा नये. आणि ती गेटवेनेच पाठवली आहे, कुणी भामट्याने नाही, हे तिच्यावरच्या सहीवरून तपासावं लागतं. एवढं सगळं असेल तरच पैशाच्या दाराला कडी आहे म्हणायचं.

साठ्याची गोष्ट सोपी आहे. कैरीच्या लोणच्याची शेवटची बरणी. सावंतवाडीतून एक आणि ठाण्यातून एक, दोघं एकाच सेकंदाला बटण दाबतात. सॉफ्टवेअर पहिल्यासाठी साठा बघतं: एक. दुसऱ्यासाठी बघतं: एक. दोघांनाही ‘हो’ म्हणतं. हे टाळायचं तर बघणं आणि उचलणं एकाच दमात झालं पाहिजे, बरणी हातात घेतल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही. तपासायला दोन फोन पुरतात. साठा एकवर ठेवा आणि दोघांनी एकदम खरेदी करून बघा. एकदा करून थांबू नका, वीसदा करा.

नोंदीची चूक म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं बिल. ५६० रुपयांत १२ टक्के कर धरला तर माल ५०० चा आणि कर ६०. आमचं सॉफ्टवेअर ऑर्डरमध्ये फक्त ५६० साठवायचं आणि कराचा भाग छापताना दर वेळी नव्याने मोजायचं, त्या दिवशी जो दर असेल त्याने. दर पाचवर आला आणि मागची सगळी बिलं गुपचूप बदलली. विक्रीच्या क्षणी किंमत, दर आणि कर हे तिन्ही गोठले पाहिजेत. वाण्याच्या वहीत शाईने लिहिलेला आकडा भाव बदलला म्हणून बदलत नाही.

इथे आपल्या देशाचा एक प्रश्न आहे. परदेशात बनलेली पुष्कळ सॉफ्टवेअर किमतीवर कर चढवतात. आपल्याकडे पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर आधीच आलेले असतात, म्हणून कर आतून काढावा लागतो. त्यात महाराष्ट्रात माल गेला तर कराचे केंद्र आणि राज्य असे दोन समान भाग, आणि वेंगुर्ल्याहून तासा-दीड तासावरच्या गोव्यात गेला तर आंतरराज्य विक्री, सगळा कर आयजीएसटी म्हणून. ५ टक्क्यांनी ५६० मधला कर २६.६७ येतो. त्याचे दोन भाग केले तर प्रत्येकी १३.३३५. दोन्ही वर ढकलले की १३.३४ आणि १३.३४, म्हणजे बिल ५६० रुपये १ पैसा. एक पैसा हसण्यावारी नेऊ नका, महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा रात्र त्या पैशामागे जाते.

मराठीचा प्रश्न

गिऱ्हाईक पत्ता मराठीत लिहितं. जुन्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या भागाला, फक्त पाश्चात्त्य युरोपीय लिपी साठवायची सवय असते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची मूळ मांडणी २०१८ मधल्या ८.० पर्यंत तशीच होती. मग ‘मु. पो. शिरोडा’ च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते, आणि ती परत अक्षरांत आणता येत नाही. मूळ अक्षरं साठवलीच गेलेली नसतात.

बिलाच्या पीडीएफचं दुखणं वेगळं. पडद्यावर ‘चिपळूण’ नीट दिसतं, छापलेल्या बिलावर ‘चपिळूण’ वाचावं लागतं. संगणकात ‘च’ आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते. दाखवताना वेलांटी अक्षराच्या आधी आणून मांडायची असते. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच साधनांना ही मांडणी येत नाही, ती वेलांटी साठवलेल्या क्रमानेच, ‘च’ नंतर, काढतात आणि आपण ती ‘प’ ची समजून वाचतो. जोडाक्षरंही अशीच सुटी पडतात. हे मात्र माझ्या लेखी सळयांत मोडतं. बिल वेबपान म्हणून उघडून ब्राउझरमधूनच छापलं की अक्षरं शाबूत राहतात. आम्ही तेच करतो.

“मग पुरं झालेलंच का घेऊ नये?”

घ्यावं, मिळत असेल आणि जमत असेल तर. पण पुरं झालेलं सॉफ्टवेअर शिळंही होतं. मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची पहिली पुरी आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली आणि ती जगभर चालली. ३० जून २०२० ला त्या पहिल्या मालिकेच्या अधिकृत दुरुस्त्या थांबल्या. त्याच सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी सुमारे २,००० मॅजेंटो दुकानांत कार्डाचे तपशील चोरणारा कोड घातला गेला, आणि त्यातली बहुतेक दुकानं त्या जुन्या मालिकेवरची होती. अपुरं पण रोज हात फिरणारं घर, पुऱ्या बांधलेल्या पण बंद पडलेल्या वाड्यापेक्षा बरं असू शकतं. म्हणून आवृत्तीच्या आकड्याआधी शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख बघा, आणि काम एकच माणूस करतोय की पाच-सहा जण, तेही बघा.

“भाड्याचं दुकान घेतलं तर?”

महिन्याला भाडं भरून तयार ऑनलाइन दुकान मिळतं, आणि आठवड्याला दहा-पंधरा ऑर्डरी असणाऱ्या, घरात कोड वाचणारं कुणी नसणाऱ्या माणसाला मी तेच सांगतो. ओपन सोर्स फुकट असलं तरी सर्व्हरचं भाडं आणि दुरुस्तीचे तास फुकट नसतात. स्वतःचं घर असण्याचा फायदा इतकाच, पण तो मोठा: गिऱ्हाइकांची यादी आणि जुन्या नोंदी तुमच्याच ताब्यात राहतात, आणि भाडं वाढलं म्हणून कुणी बाहेर काढत नाही.

“कार्डांचे नंबर चोरीला गेले तर?”

१ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर साठवताच येत नाही. त्यामुळे पैसे भरण्याचं पान गेटवेचंच ठेवा, आपल्या पानावर कार्डाचा नंबर टंकू देऊ नका. पण फोन नंबर आणि पत्ते तुमच्याकडेच असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यांची जबाबदारी तुमची. तसंच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दुकानावर द्यावं लागतं आणि तक्रारीची पोच ४८ तासांत. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये याला जागा नसते, एक साधं पान आपणच करायचं.

घेण्याआधी एक शनिवार

एक पूर्ण दिवस काढा आणि दुकान उघडण्याआधी ते मोडून बघा. एक रुपयाची वस्तू ठेवून खरे पैसे भरा, मध्येच फोन बंद करा, ऑर्डर येते का बघा. कराचा दर बदला आणि जुनं बिल पुन्हा छापा. सगळ्या ऑर्डरी एका फाइलमध्ये बाहेर काढा आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडून मराठी पत्ते वाचता येतात का पाहा. मग सगळ्यात कंटाळवाणं पण टाळू नये असं काम: बॅकअप घ्या आणि दुसऱ्या संगणकावर तो खरोखर उभा करून दाखवा. उभा न केलेला बॅकअप जमेस धरू नका. काही बदलायचं असेल तर ते वेगळ्या पुरवणीत लिहा, मूळ फाइलींना हात लावू नका. ओएसकॉमर्सवाल्यांचं काय झालं ते वर सांगितलंच.

मामीच्या बिलाची दुरुस्ती मी लिहिली आणि प्रकल्पाकडे पाठवली. तिथल्या लोकांनी दोन प्रश्न विचारले, एक चाचणी जोडायला सांगितली आणि पुढच्या आवृत्तीत ती घेतली. आता दर ऑर्डरबरोबर साठतो. पण त्याआधीच्या ऑर्डरींत तो साठलेलाच नव्हता आणि तो कुठून आणायचा हे सॉफ्टवेअरला सांगता येत नव्हतं. दोन संध्याकाळी आम्ही माजघरात बसलो. मामी वही उघडून एकेक बिल वाचत होती, तारीख, रक्कम, कर, आणि मी ते भरत होतो.